पाचट वाजलं त्या दिवशी

"ऊस कारखान्याचा, वाढं गुराचं, पाचट आपलं."

अमृत हे कशावरही म्हणायचा. एसटी चुकली तरी म्हणायचा, चहात माशी पडली तरी म्हणायचा. त्याची धाकटी बहीण रोहिणी चिडायची. "दुसरं काय येतं का न्हाई रे दादा तुला?" तर तो हसायचा. "येतं की. पन ते बी सोलून बघितलं की आत पाचटच निघतं."

पाथर्डीच्या पूर्वेला, उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं एवढंच मागं राहतं. ही दोन्ही पोरं उसाच्या फडाकडेला, वाळल्या पाल्याच्या म्हणजे पाचटाच्या कोपीत वाढली. ऊस तोडताना कोयत्याला आपली एक चाल असते. बुडाला घाव, शेंड्याचं हिरवं वाढं उडवणारा घाव, मग मोळीवर टाकलेल्या उसाचा आवाज. अमृतच्या अंगात ती चाल लहानपणीच भिनली. पुढं त्यानं जे काही गायलं, ते त्याच चालीवर.

त्यांची आई बायडाबाई राहुरीकडच्या एका फडात वारली. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी सरकली आणि तिचं डोकं चाकावर आपटलं. टोळीचा कल्याण मुकादम म्हणाला, "निम्मी ट्रॉली भरलीय. तेवढी भरू द्या, मंग ह्याच ट्रॅक्टरनं बाईला बी नेऊ." नाही म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. टोळीतली लंकाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि बाकीच्या टोळीनं ट्रॉली भरली. नवऱ्यानं, भिमाजीनंही मोळ्या बांधल्या. ट्रॉली भरेपर्यंत बायडाबाई संपली होती. गावात परत आल्यावर त्या गोष्टीचा कोणी उच्चार केला नाही. भिमाजीनं तर नाहीच.

अमृतनं ऊस सोडला. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपात लेथवर उभा राहू लागला. सुटी झाली की खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगायच्या, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचा, आणि घामानं निथळत माइकपुढं म्हणायचं. खोलीत त्याच्याबरोबर राहणारा हर्षल ते भरून घ्यायचा. अशी आठ गाणी झाली. रॅप, पण बोली गावची. त्याचा पहिला अल्बम. नाव ठेवलं 'पाचट'. सातवं गाणं आईचं होतं.

हर्षलनं त्यातला एक तुकडा मोबाईलवर सोडला आणि गाव उठून बसलं. शब्द काय होते ते कोणी बोलेना. सगळे म्हणू लागले, "दुसरा सहादेवशाहीर जल्मला!"

सहादेवशाहीर म्हणजे गावचं दैवत. त्याच्या आवाजात खरखर होती, वाळल्या पाचटातून वारा जावा तशी. अमृतच्या आवाजातही ती होती. एका जत्रेत शाहीर पोवाडा म्हणता म्हणता डफासकट कोसळला. लोकांना वाटलं, हाही पोवाड्याचाच भाग. ते टाळ्या वाजवत राहिले आणि त्या टाळ्यांतच शाहीर गेला. तेव्हापासून त्याच्या पुण्यतिथीला गाव टाळी वाजवत नाही. त्या दिवशी शिट्टी नाही, वाहवा नाही. डोकं झाकायचं, हात जोडायचे आणि मान खाली घालून ऐकायचं. रांगतं पोरसुद्धा हे पाळतं.

अल्बम त्याच दिवशी वाजवायचा, असं मुकादमानं ठरवलं. रोहिणी म्हणाली, "दादा, त्या दिशी नको."

"अगं, पुऱ्या टोळीला येका जागी दुसऱ्या कोनत्या दिशी बसवू? आबा बसतील, मुकादम बसंल, लंकामावशी बसंल. आईचं येवढं येकदा त्येंच्या कानावर पडू दे. मंग मला शिव्या दिल्या तरी चालतील. मारलं तरी चालंल."

शाहिराचा फोटो पारावर मांडला. शेजारी स्पीकर ठेवला. कोणीतरी फोटोला हार घातला आणि उरलेला स्पीकरला घातला. उदबत्तीही लावली. कल्याण मुकादमानं स्वतःच्या हातानं अमृतला फेटा बांधला. पहिलं गाणं सुरू झालं आणि सारं गाव हात जोडून खाली बघू लागलं. ज्या गाण्यावर पोरांनी उड्या माराव्यात, त्या गाण्याला पोरं डोळे मिटून बसली होती.

सातवं लागलं.

"बांध भिमा मोळी, बांध भिमा मोळी,
बायडी पडली खाली, बघती सारी टोळी.
आधी भर ट्रॉली, मंग उचल बाई,
मुकादम म्हनतो, जायाची का घाई?"

रोहिणीनं रीत मोडून मान वर केली. एक पदर, एक टोपी हलली नाही. मुकादम डोळे मिटून डोलत होता. लंकाबाईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. हिनं तरी ऐकलं, असं रोहिणीला वाटलं. तिनं मावशीचा हात धरला.

"शाहिराची लई याद आली गं," लंकाबाई म्हणाली.

आठवं गाणं संपलं. लोक उठले, फोटोच्या पाया पडले, मग अमृतच्या पाया पडले. मुकादमानं त्याला मिठी मारली. "डिट्टो शाहीर! अंगावर काटा आला बघ."

"मुकादम, सातवं ऐकलं का?"

"सगळीच ऐकली की! आता शब्द कुठं ध्येनात ऱ्हात्यात, गड्या? मी तर आवाजातच गेल्तो."

"शब्द तुमचेच हुते."

"आमचेच तर! अख्ख्या गावाचे हायेत!" मुकादम खूश होऊन म्हणाला आणि बुंदी वाटायला गेला.

अमृत बापाकडं वळला. "आबा, तुमी?"

पोराच्या पायांकडं बघत भिमाजी म्हणाला, "शाहिरावानीच म्हनतूस." मग हातातला द्रोण पुढं केला. "बुंदी घे."

रोहिणीनं बापाचं तोंड पाहिलं. आबानं ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता, आणि शाहिराच्या आडोशाला जाऊन बसला होता. बाकीच्यांनी ऐकलंच नाही, हे एक वेळ सोसलं असतं.

अमृतनं फेटा सोडला, घडी घालून स्पीकरवर ठेवला. रोहिणीला वाटलं, आता म्हणेल. ऊस कारखान्याचा, वाढं गुराचं. ती वाट बघत राहिली.

अमृत एसटीच्या फाट्याकडं चालू लागला. वाटेच्या दोन्ही अंगांना माणसं बाजूला सरली आणि त्यांनी हात जोडले. कोणी टाळी वाजवली नाही. रोहिणी पाराच्या कडेला उभी राहून तो बाभळींआड जाईपर्यंत बघत होती. तिच्या मागं भिमाजीही बघत होता, द्रोण तसाच पुढं धरून.