मागच्या खोलीतले काका
टर्पेंटाइनचा वास आला की विलायतेतल्या एजवेअरच्या आमच्या घरातली मागची खोली आठवते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे एक आसामी चित्रकार काका लपून राहत. आसामातल्या चळवळीत असल्यामुळे तिकडचे पोलीस त्यांच्या मागावर होते, त्यांच्या आईचा फोनही ऐकत होते. म्हणून एका रविवारी माझ्या आईनेच फोन करून मोडक्या हिंदीत त्यांच्या आईची खुशाली विचारली. काका तोंड दाबून रिसीव्हरला कान लावून उभे होते. अचानक त्यांना खोकला आला. पलीकडून म्हातारी म्हणाली, "बेटी, खोकला वाढलाय तुझा. आल्याचा रस घे. आणि इकडे यायची घाई करू नकोस." काका भिंतीकडे वळून रडले. ते कधीच परतले नाहीत. आज माझा मुलगा ब्रिस्टलहून फोन करतो, तेव्हा मी त्याला उघडपणे नावाने हाक मारू शकते, हेच मला पुष्कळ वाटतं.