बांगड्या वाढवा

ठोकून पाहता येत नाही अशा कुठल्याही गोष्टीवर आमच्या व्याह्यांचा विश्वास नाही. उभं आयुष्य त्यांनी वेल्डिंग तपासण्यात घालवलं, त्यामुळे खिशात पेनाच्या जागी छोटी हातोडी. नारळ, मडकी, दाराच्या चौकटी, सगळं वाजवून बघायचे. डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बोटं वाजवली, तर "काय ऐकू आलं?" म्हणून यांनीच उलटतपासणी घेतली. आमच्या बोर्डीच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी गेटचं बिजागर वाजवलं आणि म्हणाले, "सोयरीक जमेल न जमेल, पण बाई, हे गेलंय." ते खरंच गेलेलं होतं. मला राग आला तो त्याचाच.

मुलगा घरी पाहायला त्यांनी साफ नकार दिला. "घरी सगळ्यांचेच मुलगे बरे दिसतात. कामावर दाखवा."

आमचा निलेश तेव्हा तलासरीजवळ एका ओढ्यावर पूल बांधत होता. स्वतःच्या जबाबदारीवरचा पहिलाच. खाली पोलादी गर्डर, वर काँक्रीट. दोन्ही एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून गर्डरवर शेकडो खुंट वेल्डिंगने उभे केलेले. वेल्डिंग करताना प्रत्येक खुंटाच्या बुडाशी चिनीमातीची एक कडी बसवतात. कामगार तिला बांगडी म्हणतात. काम झालं की ती फोडायची, म्हणजे आतला जोड दिसतो. व्याही पहिल्या फेरीत हे फोरमनभाईंना बजावून आले आणि निलेशही म्हणाला, "काका सांगतात तसं करा."

आठवड्याने मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. त्या दिवशी काँक्रीट पडायचं होतं. भारी जातीचं, लवकर घट्ट होणारं. गाड्या निघाल्या होत्या. व्याही सळ्यांच्या जाळीत वाकले आणि ओरडले, "या ओळीच्या बांगड्या अंगावरच? मी वाढवायला सांगितल्या होत्या!"

फोरमनभाई झाईच्या पलीकडचे, गुजराती. छाती पुढे काढून म्हणाले, "हा काका! तमे कह्युं बंगडी वधारो, एटले अमे वधारी. एक पण काढली नाय. दोन खोकी जास्ती मागवली."

चाळीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस, पण बांगडीला 'फोडा' म्हणायला याची जीभ वळत नव्हती. आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. ही आपली रीत फोरमनभाईंना कुणी सांगायची?

निलेश धावत आला. आठवडाभर तो पलीकडच्या टोकाला सळ्या बांधून घेत होता. ही ओळ त्याने पाहिलीच नव्हती. व्याही जाळीवर पालथे पडले, मधून हात घालून एकेक बांगडी फोडू लागले. आधी टच्च, मग खुंटावर हातोडी. टण्ण. टण्ण. पहिली गाडी येऊन उभी राहिली, तिचं पोट गरगर फिरत होतं. फोनवर निलेशचे साहेब मला लांबून ऐकू येत होते: "काँक्रीट परत पाठवलंस, तर तूही परत जा!"

टण्ण. टण्ण. थप्प.

व्याह्यांनी दुसऱ्यांदा मारलं आणि खुंट मुळासकट आडवा झाला. त्यांनी तो उचलून निलेशपुढे धरला. मी तोंड उघडणार होते. एका खुंटाने काय होतंय, हेच म्हणणार होते. तेवढ्यात निलेश म्हणाला, "फोरमनभाई, गाड्या परत पाठवा. सगळी ओळ तपासू."

दुपारी साहेब तणतणत आले. तुटलेला खुंट उलटा करून बघितला, खिशात टाकला आणि गाडीत बसले. नोकरी राहिली. त्यांना घरी सोडताना वाटेत चारोटीला व्याही एवढंच म्हणाले, "विहीणबाई, गेटचं बिजागर बदलून घ्या. मुलगी येईल तुमच्याकडे."

आता त्यांना ऐकू कमी येतं. यंत्र लावत नाहीत. ते म्हणे ठोकून तपासता येत नाही. परवा त्या पुलाखाली गाडी थांबवायला लावली. वरून ट्रक जात होते. खुंट काँक्रीटमध्ये कधीचेच गडप. हातोडीने त्यांनी गर्डर हलकेच वाजवला, मान तिरकी केली, पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे वळले.

"कसं वाजलं हो?"

माझे कान काही तयार नाहीत. तरी मी पुन्हा मारायला लावलं आणि नीट ऐकूनच सांगितलं, "टण्ण."