गाऱ्हाण्यात सांगितलेलं दुखणं

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास पार डळमळला होता. तोंडात आणि अंगावर फोड येणाऱ्या आजारासाठी मला स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. फोड गेले, घास गिळता येऊ लागला, चेहरा मात्र गोल गरगरीत झाला. चारकोपच्या आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "तब्येत मस्त सुधारली गं तुझी!" मी हसून वेळ मारून न्यायचे. काही महिन्यांनी उजव्या जांघेत कळ यायला लागली. जिना उतरताना, कूस बदलताना, पूजेला मांडी घालताना जीव कासावीस व्हायचा. मांडी घालणं बंद झालं तेव्हा वाटलं, देवालाच मी समोर बसलेली नको आहे.

हाडांच्या डॉक्टरांना मी "पाय दुखतो" एवढंच सांगितलं. जांघ हा शब्द परक्या पुरुषासमोर उच्चारायचा, तोही नवरा शेजारी उभा असताना, हे माझ्याच्याने होईना. कुठे दुखतं विचारलं की हात आपसूक गुडघ्याकडे जायचा. कळ तिथवर उतरायची, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. मलम मिळालं, व्यायाम मिळाला, वजन कमी करायचा सल्लाही मिळाला. काही झालेलं नाही म्हणतात आणि मला तर चालवत नाही, हे कोणाला सांगायचं? एकटी असले की रडू यायचं. वाटायचं, चेहरा आणि वजन वाढवलं ते या गोळ्यांनीच, पायही त्यांनीच धरला असणार. शेवटी, मंडळाच्या पूजेचं तीर्थ घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून या गोळ्याच बंद करायच्या, असं मी कोणाला न सांगता ठरवून टाकलं.

आमच्या गावकरी मंडळाची सत्यनारायणाची पूजा सोसायटीच्या हॉलमध्ये असते. पूजेनंतर गाऱ्हाणं घालतात. वडीलधारं माणूस उभं राहून एकेकाची अडचण देवाला मोठ्याने सांगतं, बाकीचे "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात. ते चालू असताना कोणी उठत नाही. हा मान माझ्या चुलत सासऱ्यांचा, भाऊकाकांचा. माझी पाळी आल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, पायाचं तेवढं सांगा."

"पायाक काय झाला? खंय दुखता?"

"पायच दुखतो हो."

"गो, देवाक अर्धवट सांगूचा नाय. नीट सांग."

सगळा हॉल थांबलेला. मला काकांचा असा राग आला! त्या रागातच मी म्हणाले, "जांघेत," आणि ते जरा मोठ्यानेच आलं. काकांचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकीच्या जांघेत कळ मारता, तिका चलाक गावना नाय, ता दुखणा दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्या हॉलने माझ्या जांघेला साथ दिली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

प्रसाद घेऊन कोपऱ्यात बसले, तर काठी टेकत एक अनोळखी बाई आल्या. गोरेगावहून आलेल्या. त्यांना जायचं होतं पलीकडच्या सेक्टरमधल्या पूजेला, शिरल्या आमच्या हॉलमध्ये. चूक कळली तोवर गाऱ्हाणं सुरू झालेलं, मग मध्येच कसं उठायचं म्हणून बसून राहिल्या होत्या.

"ताई, स्टिरॉइड चालू आहे का हो तुम्हाला? चेहऱ्यावरून वाटलं. माझंही जांघेतूनच सुरू झालं होतं. मी नुसतं कंबर, कंबर करत बसले. कळेपर्यंत दोन्ही खुबे गेले, बदलावे लागले."

"मी उद्यापासून बंदच करणार आहे त्या गोळ्या."

"अहो, वेड्या आहात का! अशा मनाने एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल. उद्या डॉक्टरकडे जा, गोळ्यांचं सांगा आणि आत्ता बोललात ना, अगदी तसंच बोला."

त्या आपल्या पूजेला निघून गेल्या. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना शब्द न चोरता सांगितलं. एमआरआय झाला. खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडत होतं. स्टिरॉइड घेणाऱ्यांना असं होऊ शकतं, म्हणाले. हाड अजून खचलं नव्हतं, म्हणून छोट्या ऑपरेशनवर भागलं. बरेच दिवस कुबड्या घेऊन चालले. गोळ्याही त्वचेच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणल्या. आज मी माझ्या पायांनी बाजारात जाते.

आता डावा खुबाही अधूनमधून ठणकतो. पुढचं कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. त्या बाई चुकून आल्या की कोणी पाठवल्या, यावर मी वाद घालत नाही. रोज त्यांच्यासाठी हात मात्र जोडते. नेमकं दुखतं तेच झाकायचं आणि वर बरं कर म्हणून देवाकडे हट्ट धरायचा, असं माझं चाललं होतं. आता काही मागायच्या आधी कुठे दुखतंय ते त्याला सगळं सांगते. बहुतेक वेळा तेवढं सांगून झालं की मागायचं राहूनच जातं.