लांबटोल्यांचा ड्रायव्हर

लांबटोले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते पोस्टमननं ठेवलेलं नाव. नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर पहिला टोला मारायला ते उभे राहिले की आजूबाजूचे लोक बोलणं थांबवून बघत राहायचे. समोर एक ओढा आडवा जायचा. बाकीच्यांचे चेंडू त्याच्या अलीकडेच टेकायचे, यांचा मात्र पाण्यावरून सरळ पलीकडच्या गवतात जाऊन पडायचा. हळूहळू सलूनमधली गिऱ्हाइकंही त्यांना लांबटोलेच म्हणू लागली. तोंडाला फेस, मान मागे टेकलेली, अशा अवस्थेतही कुणीतरी विचारायचंच, "काय लांबटोले, या आठवड्यात कुठवर?"

"आधी तोंड मिटा," लांबटोले वस्तरा वर धरून म्हणायचे, "नाहीतर मिशी अर्धीच राहील."

सलून छोटंसंच. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात गरम पाण्याचं भांडं आणि खिडकीत कायम पुटपुटणारा रेडिओ. दाराजवळची खुर्ची लांबटोल्यांची. आतल्या खुर्चीवर त्यांची बायको बायकांचे आणि मुलांचे केस कापायची. सोमवारी सलून बंद असायचं आणि तो दिवस गोल्फचा. सोबतीला पोस्टमन, जो आता निवृत्त झाला होता, आणि दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांची बेकरी होती. पहाटेची भट्टी आटोपून ते अंगावर पीठ घेऊनच मैदानावर यायचे.

एका सोमवारी लांबटोल्यांचा चेंडू ओढ्यात पडला. सगळे हसले, तेही हसले. पुढच्या सोमवारी पुन्हा पडला, तेव्हा फक्त पोस्टमन हसला. त्यानंतर मात्र कुणी हसेना, आणि तेच लांबटोल्यांना जास्त लागलं.

त्यांनी दोष ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हर म्हणजे पहिला टोला मारायची लांब दांड्याची, मोठ्या डोक्याची काठी. "पूर्वी कसा खणखणीत वाजायचा," ते बायकोला सांगत, "आता पोचा आलेल्या भांड्यासारखा बद्द वाजतो. धातू मेलाय त्याचा." बायकोनं हे एका गिऱ्हाईक बाईच्या कानावर घातलं की आमच्या ह्यांना ड्रायव्हर बदलायचाय. झालं! गल्लीभर बातमी पसरली की सलूनवाल्यांनी मोटार घेतली आणि ती चालवायला माणूसही ठेवला.

तसं ड्रायव्हर बदलणं हे काही लाजेचं नव्हतं. पोस्टमननं बदलला होता, कारण शेजाऱ्यानं बदलला. "त्याचा नवा बघितला आणि माझा जुना माझ्याच्यानं हातात धरवेना," असं तो उघड सांगायचा. एका शिंप्यानं संतापाच्या भरात आपला ओढ्यात भिरकावला आणि मग लोकांसमोर पाण्यात उतरायची लाज वाटली म्हणून नवा घेतला. खरं कारण एकट्या दाजींकडे होतं. त्यांच्या ड्रायव्हरच्या तोंडाला बारीक चीर गेली होती, तरी ते तोच दामटत होते.

गोल्फच्या दुकानातली बाई जुन्या ओळखीची. तिनं लांबटोल्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथं चेंडू जाळीत मारायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याचा वेग दिसायचा. लांबटोल्यांनी आधी आपल्या ड्रायव्हरनं मारले, मग दुकानातल्या नव्यानं. ती पडद्याकडे कमी आणि त्यांच्या हाताकडे जास्त बघत होती.

"याच्यात काही बिघाड दिसत नाही मला," जुना ड्रायव्हर उलटसुलट करून ती म्हणाली. "मारताना तुमची पकडच सुटतेय. उजव्या हाताची ही शेवटची दोन बोटं काठीवर नुसती टेकलीयेत. हाताला काही झालंय का?"

"हाताला काय होणार? हातावर पोट आहे माझं."

"म्हणूनच विचारते."

"तुम्ही दुकान चालवता की दवाखाना?" लांबटोले हसत म्हणाले, पण आवाज हसरा नव्हता. "नवा द्यायचाय का नाही, तेवढं सांगा."

तिनं लवचीक दांड्याचा ड्रायव्हर काढून दिला. "हात दाखवून घ्या मात्र," एवढं ती म्हणालीच. लांबटोल्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

खरं तर त्यांना माहीत होतं. सकाळी उठल्यावर करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. आधी जरा झटकलं की जायचं, मग झटकूनही जाईना. कात्रीच्या कडीत बोट घातलं तरी कडी आहे का नाही ते कळायचं नाही, खाली बघावं लागायचं. कंगवा हातातून निसटायचा. मग त्यांनी कात्रीचं काम कमी केलं आणि गिऱ्हाइकांच्या मागे लागून मशीन मारायला सुरुवात केली. "आजकाल हेच चालतं," असं ठोकून द्यायचे. ड्रायव्हर बिघडला असेल तर दुकानात बदलून मिळत होता. हाताचं काय करायचं, हा विचार मनात आला की ते रेडिओचा आवाज वाढवायचे.

नवा ड्रायव्हर पहिल्या सोमवारी झकास चालला. चेंडू ओढ्यापलीकडे गेला, अगदी काठालाच पडला, पण गेला. लांबटोल्यांनी सगळ्यांना चहा पाजला. जुना ड्रायव्हर त्यांनी मोठ्या मनानं दाजींना देऊन टाकला. पुढच्या सोमवारी नवाही चेंडू ओढ्यात टाकू लागला. म्हणून मग पावती घेऊन तो बदलून आणला, दुसरा आणला, तर त्याचीही तीच रड.

आणि त्याच सुमाराला दाजींनी लांबटोल्यांचा जुना ड्रायव्हर पहिल्यांदा पिशवीतून बाहेर काढला. दाजी म्हणजे टोल्यासाठी प्रसिद्ध असलेला माणूस नव्हे. त्यांनी दोन्ही पाय फाकवले, कणीक मळायला वाकावं तसे वाकले आणि हाणला. खणखणीत आवाज झाला. चेंडू ओढ्यावरून गेला आणि पार झाडीपर्यंत घरंगळला.

दाजी स्वतःच चकित झाले. "अरे, हा तर जादूचा आहे! मेव्हणे, तुम्ही असला ड्रायव्हर टाकलात तरी कसा?"

त्या माणसाच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण लांबटोल्यांचा चेहरा पडला आणि मग लाल झाला. "माझीच काठी घेऊन माझीच जिरवताय काय, दाजी? फुकट मिळाली म्हणून एवढं नाचायची गरज नाही."

"अहो, मी कुठे…"

"राहू द्या. कळतं मला सगळं."

खेळ तिथंच सोडून ते घरी निघून आले. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. दाजींनी ड्रायव्हर परत पाठवतो म्हटलंय, असं ती सांगत होती. लांबटोल्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत. सोमवारी घरात बसून जुन्या कात्र्यांना धार लावत राहायचे. बहीण बेकरीतून गरम पाव पाठवायची, तिनं तेही बंद केलं.

पुढची गोष्ट घडली ती भर दुपारी, सलूनमध्ये. पोस्टमन दाढीला आला होता. मशीनवर त्याचा विश्वास नव्हता. वस्तऱ्याशिवाय दाढी म्हणजे त्याला तोंड धुतल्यासारखं वाटायचं. तो मैदानावरच्या गमती सांगत होता, दाजींचं नाव मात्र मुद्दाम टाळत होता. लांबटोले त्याच्या कानाखालून गळ्याकडे येत होते. वस्तऱ्याच्या पात्यामागची शेपटी करंगळीखाली टेकवून धरायची असते. ती कधी सरकली, ते त्यांना कळलं नाही. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली, ती रुंदावली आणि टॉवेलवर ओघळली.

"लागलं की काय रे लांबटोल्या?" पोस्टमननं गळ्याला हात लावला आणि बोटं बघितली.

बायको आतल्या खुर्चीवरून धावली. तिनं टॉवेल दाबून धरला. रक्त थांबेना, कारण पोस्टमन रक्त पातळ करायच्या गोळ्या खात होता. तिनं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, त्यानं गाडी काढली आणि पोस्टमनला दवाखान्यात नेलं. जाताना गळ्याला टॉवेल लावलेला पोस्टमनच लांबटोल्यांना धीर देत होता, "काही नाही रे, ओरखडा आहे नुसता." टाके घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, जरा आणखी खोल गेलं असतं तर बोलायची सोय नव्हती.

बायकोनं उरलेल्या गिऱ्हाइकांना घरी पाठवलं आणि शटर अर्धं ओढलं. लांबटोले आपल्याच खुर्चीत बसून होते. वस्तरा जमिनीवर पडला होता, तसाच.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"घामानं सरकला."

"हात दाखवा म्हणते ना."

तिनं त्यांचा उजवा हात आरशावरच्या दिव्याखाली धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसाचा उंचवटा बसून तिथं खळगा पडला होता. शेजारी त्यांचा डावा हात ठेवला, तेव्हा ते दोन हात एका माणसाचे वाटेनात. तिनं करंगळीला चिमटा काढला, जोरात. लांबटोले तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काही कळलंच नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

त्यांनी हात ओढून मांडीखाली घेतला.

"म्हणजे मला वेड्यात काढत होता तुम्ही. ड्रायव्हर काय, दांडा काय, धातू मेला काय! त्या बिचाऱ्या दाजींना नाही नाही ते बोललात. आणि आज त्या पोस्टमनच्या जिवावर बेतलं असतं तर?"

"दुकानातल्या बाईनं सांगितलं होतं," लांबटोले खालच्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तिचं ऐकलं तर खरं होईल."

बायको ओरडायची थांबली. तिनं वाकून वस्तरा उचलला, धुतला आणि खणात ठेवून खण बंद केला. मग ती मोरीपाशी पाठ करून बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ती रडतेय हे लांबटोल्यांना आरशात दिसत होतं, पण उठून जवळ जायची हिंमत होईना.

नसांच्या डॉक्टरांनी कोपरावर बोटानं टिचकी मारली, तशी झिणझिणी थेट करंगळीपर्यंत गेली. कोपरात नस दबली होती. वर्षानुवर्षं हात वाकवून काम करणाऱ्यांना होतं असं, ते म्हणाले. शस्त्रक्रियेनं नस मोकळी करता येईल, पुढचं नुकसान थांबेल. "पण जे मांस गेलं, ते कितपत परत येईल, सांगता येत नाही. मुंग्या यायला लागल्या तेव्हाच आला असतात तर वेगळं झालं असतं." लांबटोल्यांनी मान हलवली. पहिला नवा ड्रायव्हर घेतला त्या दिवसापासूनचे सगळे सोमवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात दाजी आले, पावाची पिशवी घेऊन. ते पिशवीची गाठ सोडत बसले. शेवटी लांबटोलेच म्हणाले, "दाजी, मी फार वाईट बोललो."

"ते मी कधीच विसरलो," दाजी म्हणाले. ते खरं नव्हतं, पण तेवढं बोलून ते पाव मोडायला लागले आणि खाटेवर चुरा सांडत राहिले.

मुंग्या गेल्या. बोटांना थोडं थोडं कळायला लागलं. पकड मात्र आली नाही. लांबटोले आता मशीन चालवतात, डोकं धुतात, पैसे घेतात. वस्तऱ्याची दाढी बंद केली तेव्हा बरीच जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. काही जण दारावरून जाताना न बघितल्यासारखं करून पुढे सरकायचे. ते लांबटोल्यांना झोंबायचं. दिवसचे दिवस ते कुणाशी धड बोलायचे नाहीत.

एका सोमवारी बायकोनं खण उघडून वस्तरा काढला. तिनं आयुष्यात कधी तो हातात धरला नव्हता. "बसा," तिनं दाराजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"माझ्यावर शिकणार?"

"मग काय रस्त्यावरच्या माणसावर शिकू?"

लांबटोले बसले. तिनं फेस लावला, जरा जास्तच लावला. वस्तरा तिनं मुठीत घट्ट आवळला. "मनगट सैल सोड," त्यांनी सांगितलं. "आणि करंगळी खाली. हां. आता कातडी ताण, घाबरू नकोस." पहिल्याच फटक्याला हनुवटीपाशी चुरचुरलं. तिनं वस्तरा लांब घेतला आणि ओठ चावला.

"चालू दे," लांबटोले म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी मान मागे टेकवली.