साळूबाईचं मरण

सहा वर्षांची लेक सोनिया टायफॉईडनं गेली, तेव्हा साळूबाई रडली नाही. तिचा नवरा नाथाजी, माधवनगरच्या गिरणीत राबणारा धिप्पाड गडी, ख्रिस्ती कबरस्तानात कबरीच्या कडेला मातीत लोळत होता. साळूबाईनं पदर खोचला, पेटीवर मूठभर माती टाकली आणि म्हणाली, "झोपलीया ती. उठंल तवा बोलू आमी."

बाया म्हणाल्या, बाई आहे का दगड. धाकटा मुलगा मिलिंद तेव्हा लहान होता, आईच्या काखेत. त्याला त्यातलं काही आठवण्याचं कारण नव्हतं, पण घरात ते इतक्यांदा सांगितलं गेलं, की त्याला सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं पाठ झालं होतं.

औंधाकडून अक्षता सून होऊन आली तेव्हा नाथाजी वारला होता. सासू मिरजेच्या एका दवाखान्यात आया होती. हात खरखरीत, तोंड फटकळ. वॉर्डात कुणी शेवटच्या घटका मोजत असलं, की नर्सा साळूबाईला हाक मारायच्या. मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, ती त्याच्या उशाशी बसायची, कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "भिऊ नगंस. जा खुशाल." माणूस शांत व्हायचा.

घरात मात्र ती स्वर्गाविषयी माहेराविषयी बोलावं तसं बोलायची. तिथं काय काय असणार, सोनिया कशी धावत येणार. आणि मिलिंदचं काही चुकलं, की हमखास म्हणायची, "माझी सोनिया असती तर असं वागली नसती." मिलिंद भरल्या ताटावरून उठायचा. साळूबाईला ते कधी कळलं नाही. अक्षताला पहिल्या महिन्यातच कळलं.

मिलिंदचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. पण त्याला बोलण्याची देणगी होती. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं प्रार्थनेच्या सभा सुरू केल्या. आजारी माणसं येऊ लागली. एका बाईच्या फिट्स थांबल्या, त्याचा गवगवा झाला. शेड भरून माणसं बाहेर रस्त्यावर बसू लागली.

आणि नेमका साळूबाईच्या पोटात गोळा निघाला. लिव्हरचा कॅन्सर, फार पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आता बरं करणं आमच्या हातात नाही. पण यांना दुखू द्यायचं नाही, तेवढं आपण करू." त्यांनी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या.

रिक्षातून परतताना साळूबाई बाहेर बघत होती. चेहरा असा, की कुणाला वाटावं ही बाई जत्रेला निघालीय. "सोनिया वळखंल का गं मला, अक्षे? म्हातारी झाले मी," ती म्हणाली. पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मिलिंदनं मान वळवली नाही. त्याचे कान मात्र लालबुंद झालेले अक्षताला दिसले.

घरी येताच त्यानं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि एकेक गोळी मोरीत टाकली. वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"आवं, काय करताय हे?" अक्षता धावली.

"मरण हा वैरी हाय. वैऱ्याची तयारी माझ्या घरात चालायची न्हाई. आई बरी हुणार. मी सभेत सांगितलंय."

साळूबाई कॉटवरून म्हणाली, "वैरी हाय, खरं हाय. पर हरलेला वैरी हाय, मिलिंदा. त्याला दार उघडाय मी भीत न्हाई."

"तू भीत न्हाईस, कारण तुला जायाचंच हाय!" तो ओरडला. "जल्मभर तुझी नजर त्या मेलेल्या पोरीकडं. मी हितं जिता हाय, मी कोण तुझा?"

साळूबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात कळ आली आणि तिनं उशी दातात धरली. उत्तर राहूनच गेलं.

पुढचे दिवस अक्षताच्या अंगावर आजही काटा आणतात. गोळीविना साळूबाई गुरासारखी हंबरायची. मिलिंद शेजारी गुडघे टेकून मोठमोठ्यानं प्रार्थना करायचा, तिच्या आवाजावर आपला आवाज चढवत. अक्षतानं दवाखान्यात जाऊन दुसरं पाकीट आणलं, भाताच्या घासातून गोळी दिली. मिलिंदला ते कळलं. त्यानं आईसमोर अक्षताच्या थोबाडीत मारली आणि म्हणाला, "तुझ्या अविश्वासानं तिला मारतीयास तू."

रविवारी त्यानं आईला नवं लुगडं नेसवायला लावलं आणि उचलून शेडमध्ये नेलं. माणसं दाटीवाटीनं बसली होती. मिलिंद सभेत शुद्ध बोलायचा. "माझ्या आईला प्रभूनं स्पर्श केला आहे. ती स्वतः तुम्हांला साक्ष देईल." त्यानं माईक तिच्या तोंडाशी धरला. तो लबाडी करत नव्हता, हे अक्षता शपथेवर सांगेल. त्याला खरंच वाटत होतं, की आई आता ताठ उभी राहील आणि मी बरी झाले म्हणेल. त्याच्यासाठी तरी म्हणेल.

साळूबाईनं माणसांकडं पाहिलं. पुढच्या रांगेत एक बाप मांडीवर सुकलेलं पोर घेऊन बसला होता.

"मी बरी झाले न्हाई," ती म्हणाली. "मी मरणार हाय. तुमीबी मरणार. प्रभू मरण चुकवत न्हाई, मरणातनं पल्याड नेतो. औषिद बंद करू नगासा. लेकराला दवाखान्यात न्या, बाबा."

मग मागून एकजण हसला. मिलिंदनं माईक खाली ठेवला आणि आईला तिथंच खुर्चीत सोडून निघून गेला. अक्षतानं दोन बायांच्या मदतीनं तिला घरी आणलं.

त्यानंतर तो आईच्या खोलीत आला नाही. गोळ्या मात्र आता मोकळेपणानं देता येत होत्या. दुखणं निवल्यावर साळूबाईला बोलायला बळ आलं, आणि ती फक्त मिलिंदला हाक मारू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सोनियाचं नाव घेईना. "त्याला बलीव गं. त्याला एक सांगायचं राहिलंय." अक्षता दुकानात गेली, हातापाया पडली. तो मोटरीला तार गुंडाळत राहिला. "तिला म्हणावं, सोनिया हाय की तिथं. तिलाच सांग."

अक्षतानं घरी येऊन खोटं सांगितलं, कामात आहेत, येतील. साळूबाईनं मरणाऱ्यांच्या उशाशी जन्म काढला होता. तिला असलं खोटं ओळखता यायचं. ती भिंतीकडं वळली. भर दुपारी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, तिचा श्वास थांबला. कपाळावर हात ठेवायला अक्षता होती. पण "जा खुशाल" हे शब्द काही तिच्या तोंडून फुटले नाहीत.

कबरस्तानात चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली आणि झाकणाला खिळे मारायला माणूस पुढं झाला. तेव्हा मिलिंद गर्दीतून आला. त्यानं हातोडा हिसकावला. झाकण बाजूला सारून, पेटीपाशी गुडघे टेकून तो ओरडला, "आई, ऊठ! प्रभूच्या नावानं सांगतो, ऊठ!"

कुणाला त्याला धरायचा धीर झाला नाही. ऊन चढलं. माणसं सावलीला सरकली. तो आईचे खांदे धरून हलवत होता, तिच्या गालांवर चापट्या मारत होता. तिचं डोकं इकडून तिकडं लुळं पडत होतं. पाळकसाहेब म्हणाले, "मिलिंद, शेवटच्या दिवशी ती उठणार आहे. आपला तोच विश्वास आहे."

"शेवटच्या दिवशी मला काय उपेग तिचा?" तो म्हणाला. मग आवाज बसल्यावर उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, "तिला यायचंच न्हाई." झाकण लावून, हातोडा घेऊन त्यानं खिळे स्वतः ठोकले.

मिलिंदच्या सभा आजही भरतात, पूर्वीपेक्षा मोठ्या. माझी आई अविश्वासानं मेली, असं तो माईकवरून सांगतो, आणि लोकांचे डोळे भरून येतात. अक्षता तिकडं जात नाही. ती जुन्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. सार्वकालिक जीवनावर माझा विश्वास आहे, हे शब्द सगळ्यांबरोबर तीही उच्चारते, आणि तिचा तो विश्वास आहेच. फक्त शेवटच्या दिवशी सासू उठेल तेव्हा आधी कुणाकडं बघेल, एवढा एक प्रश्न तिला पडतो. तो तिनं पाळकसाहेबांना विचारला नाही. घरी जाऊन ती नवऱ्याला जेवायला वाढते, आणि तो जेवतो.