साहेब येईपर्यंतचा दवाखाना

लग्न होऊन मी जळगावहून शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी आले, तेव्हा गावात सरकारी दवाखाना होता. म्हणजे इमारत होती, दारावर पाटी होती आणि एक कंपाउंडर होता. डॉक्टर नव्हता. शेजारच्या मोठ्या गावच्या डॉक्टरकडे आमचं गाव जोडून दिलेलं होतं, पण त्याला स्वतःचंच गाव आवरत नसे. मग सगळा भार कंपाउंडरवर. पोट दुखलं तर तो लाल औषध प्यायला देई आणि खरचटलं तर लाल औषध वरून लावी. दोन्ही औषधं वेगळी आहेत, असं तो शपथेवर सांगायचा.

माझ्या सासूबाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. मीही तेच म्हणू लागले. आक्कांचे गुडघे सोडले तर बाकी तब्येत ठणठणीत होती. आणि गुडघ्यांबद्दल त्या इतकं बोलायच्या, की घरात दोन माणसं जास्तीची राहतात असं वाटावं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दिवाळी उलटून कापूस वेचणी सुरू झाली आणि बातमी आली की मुंबईहून मोठे साहेब तालुक्याच्या दौऱ्यावर येणार, आमचा दवाखाना बघणार. दुसऱ्याच दिवशी भिंतींना चुना लागला. तालुक्याहून ट्रक आला. त्यातून खाटा उतरल्या, गाद्या उतरल्या, औषधांची खोकी आणि सलाईनच्या बाटल्या उतरल्या, आणि पुढच्या सीटवरून एक तरुण डॉक्टरही उतरला. तोही सामानासारखाच दौऱ्यापुरता आणलेला होता.

सगळं आलं, फक्त पेशंट आले नव्हते. सवय मोडलेली. दवाखान्यात डॉक्टर असेल, ही गोष्टच कोणाला खरी वाटेना. म्हणून कंपाउंडर घरोघर फिरू लागला. आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, एक दिवस खाटेवर पडायचं. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, ताप होता, आता बरं आहे."

"माले ताप कोठे शे?" आक्का म्हणाल्या. "मन्हा गुडघा दुखतस."

"गुडघे नको आक्का. गुडघे लवकर बरे होत नाहीत. ताप बरा होतो."

आक्कांनी विचार केला. चादर धुतलेली हवी आणि सून सोबत हवी, अशा दोन अटी घातल्या. दोन्ही मान्य झाल्या. मला 'पेशंटचे नातेवाईक' म्हणून खाटेशेजारी स्टूल मिळालं. नव्या नवरीला घरकामातून सुटका मिळण्याचा याहून सभ्य मार्ग नव्हता, त्यामुळे मी काही कुरकुर केली नाही.

साहेब यायच्या दिवशी सकाळी आक्का नवं लुगडं नेसून खाटेवर निजल्या. शेजारच्या खाटांवर आमच्याच गल्लीतले दोन म्हातारे निजले आणि पडल्या पडल्या कापसाच्या भावावर भांडू लागले. डॉक्टरने आक्कांच्या उशाशी सलाईनची बाटली टांगली आणि नळी हातावर नुसतीच चिकटपट्टीने चिकटवली. लाजून म्हणाला, "आजी, सुई टोचत नाही. नुसतं दिसायला." आक्का वाक्य पाठ करत राहिल्या. ताप होता, आता बरं आहे. शहरी बोली त्यांना जड जात होती, म्हणून मी मधून मधून दुरुस्ती सांगायची.

दुपार झाली. साहेब आले नाहीत. निरोप आला की धुळ्यातच अडकलेत, उद्या येतील. पेशंटांनी घरी जाऊन जेवण केलं, जनावरांना चारा घातला आणि सकाळी पुन्हा येऊन आजारी पडले.

त्या दिवशीही साहेबांचा पत्ता नव्हता, पण वेगळीच गडबड झाली. कापूस वेचायला सातपुड्याकडून मजूर आले होते. त्यांतल्या एका बाईला जुलाब-उलट्यांनी पार सुकवून टाकलं होतं. तिच्या नवऱ्याने आणि भावाने तिला गाडीतून उतरवून झोळीत घालून आणलं. खरं तर ते बैलगाडीने शिंदखेड्याला निघाले होते, पण दवाखान्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरले. बाईचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते.

डॉक्टर धावला, पण कंपाउंडर आडवा आला. "डॉक्टरसाहेब, या बाटल्या परत करायच्यात. मोजून दिल्यात. मोठ्या साहेबांना कपाट रिकामं दिसलं तर मी काय उत्तर द्यायचं?"

डॉक्टर क्षणभर थांबला. नवा होता, नोकरी नवी होती. तेवढ्यात आक्का खाटेवर उठून बसल्या. हातावरची चिकटपट्टी त्यांनी टर्रकन ओढली.

"हाई बाटली तिले लावा," त्या म्हणाल्या. "मी ते नाटकनी पेशंट शे."

आणि त्या खाटेवरून खाली उतरल्या. कंपाउंडर बाजूला सरला. बाईला खाटेवर घेतलं, शीर सापडायला वेळ लागला, पण सापडली. आक्का तिच्या डोक्याशी बसून राहिल्या. मजुरांची भाषा आक्कांना अर्धीच कळत होती आणि आक्कांची अहिराणी मला अर्धीच, तरी त्या दोघींचं काहीतरी चाललेलं होतं. संध्याकाळी बाईने पाणी मागितलं, तेव्हा डॉक्टर अंगणात जाऊन एकटाच हसला. मी खिडकीतून बघितलं.

तिसऱ्या सकाळी आम्ही पोचलो तर दवाखान्यासमोर रांग. गावात खराखुरा डॉक्टर आहे, ही बातमी वाड्या-पाड्यांपर्यंत गेली होती. कोणाचा कान वाहतोय, कोणाला विंचू चावलाय, कोणी लेकराला सुई टोचायला आणलंय. कंपाउंडर कपाटासमोर दोन्ही हात पसरून उभा होता. "अरे, औषधं संपवू नका, साहेब यायचेत," असं विनवत होता. डॉक्टर त्याच्या काखेखालून हात घालून गोळ्या काढत होता. साहेब आणखी काही दिवस धुळ्यातच अडकून पडावेत, असं मला मनापासून वाटू लागलं होतं.

पण साहेब आले. जीप धुरळा उडवत थांबली. साहेबांनी रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. आपल्या स्वागताला लोक जमलेत, असं त्यांना वाटलं असावं. पायरीवर उभं राहून त्यांनी भाषण सुरू केलं. रस्ते होतील म्हणाले, पाटाचं पाणी येईल म्हणाले. कान वाहणाऱ्या माणसाने टाळ्या वाजवल्या, कारण त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मग हार घालून घेऊन, हात जोडत साहेब जीपमध्ये बसले आणि पुढच्या गावाला गेले. आत पाऊलही टाकलं नाही.

आत आक्का दुसऱ्या खाटेवर नीट निजून, पदर सारखा करून वाट बघत होत्या. मी सांगितलं, "आक्का, गेले ते."

"गया?" त्या म्हणाल्या. "माले काही न इचारता?"

दुपारी ट्रक परत आला. मजूरबाई आता चालण्यासारखी झाली होती, नवऱ्याचा हात धरून ती आपल्या माणसांकडे गेली. म्हातारे उठले. खाटा एकेक उचलल्या जाऊ लागल्या. आक्कांच्या खाटेला दोघांनी हात घातला, तर आक्का हलेनात.

"मी उठाव नही," त्या म्हणाल्या. "तीन दिस निजनी. माले कोणीच काही इचारं नही. आते मन्हा गुडघा देखा, मंग उठसु."

ड्रायव्हर वैतागला. कंपाउंडरने हात जोडले. "आक्का, माझी नोकरी जाईल." आक्कांनी छताकडे बघितलं. शेवटी डॉक्टर ट्रकमधून खाली उतरला, स्टूल ओढून बसला आणि त्याने आक्कांचे दोन्ही गुडघे दाबून, वाकवून तपासले. किती वर्षं दुखतात, पायऱ्या चढताना जास्त की उतरताना, रात्री सूज असते का, सगळं विचारलं. आक्का एकेका प्रश्नाचं सविस्तर उत्तर देत होत्या. इतक्या खूश मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. हाडं झिजलीत, वजन कमी करा, बसून काम करा, शेक घ्या, असं त्याने सांगितलं. गोळ्या उरल्या नव्हत्या.

पुढे तो डॉक्टर सुट्टीच्या दिवशी आपणहून एसटीने येऊ लागला. दुपारी बसायचा, संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. उन्हाळ्यापर्यंत त्याने हे निभावलं, मग त्याची बदली वरणगावकडे झाली. नंतर दोन वर्षांनी आम्ही आक्कांना धुळ्याच्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं. त्यानेही हाडं झिजलीत, वजन कमी करा, शेक घ्या, हेच सांगितलं. आक्का बाहेर येऊन म्हणाल्या, याला काही येत नाही, आपल्याच डॉक्टरचं ऐकून सांगतो.