आठ माणसांची पोस्ट

मी सतरा वर्षं इन्फन्ट्रीत होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. बायकोला हाइलब्रोनच्या एका क्लिनिकमध्ये नर्सची नोकरी लागली, म्हणून जर्मनीत आलो. नेकारसुल्मजवळच्या एका गोदामात आधी खोकी उचलली, मग फोर्कलिफ्ट चालवली. आता तिथेच शिफ्टलायटर, म्हणजे पाळीप्रमुख, आहे. एकवीस माणसं माझ्या हाताखाली काम करतात. कुणाच्या ओळखीने वर चढलो नाही.

आपल्या इथल्या मराठी मंडळातली बरीच मुलं आता टीम लीड झाली आहेत. गणपतीत भेटली की विचारतात, "काका, आर्मीत माणसं कशी सांभाळतात? आम्हाला हॅनोव्हरला दोन दिवस सेमिनारला पाठवलं होतं. जेवण चांगलं होतं, एवढंच लक्षात आहे."

मी त्यांना एका पोस्टबद्दल सांगतो. आज पूर्ण सांगतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सतरा हजार फुटांवरची ती पोस्ट माझ्या ताब्यात आली. तिथे दहा माणसं असायची. कंपनीत माणसं कमी होती. कंपनी कमांडर मेजर होते. त्यांनी मला बोलावलं.

"दहा देता येणार नाहीत."

"आठात चालवतो, सर. पण माझ्या रिपोर्टमध्ये ते यायला हवं."

"नायब सुभेदारीच्या बढतीसाठी?"

"येस सर."

ते हसले. "बनियाच आहेस तू. डन."

सौदा चांगला झाला, असं मला वाटलं. वर चढताना मी खूश होतो.

पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर. सहाला प्रत्येकाच्या तब्येतीचा रिपोर्ट. त्यानंतर बर्फ काढायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, तारा तपासायच्या. पहाऱ्याची दोन तासांची संत्री ड्यूटी तीन तासांची झाली होती. तरी ते दिवस मला आवडायचे. आजही आवडतात. बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, भोवती पहाऱ्यावरचा सोडून बाकीचे गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. डब्यातला अननस खाऊन सगळे कंटाळले होते. शिपाई विलास खरात बेसनाचं पिठलं करायचा. त्या उंचीवर काहीच नीट शिजत नाही, पण त्याचं पिठलं जमायचं. वय तेवीस. माझ्याच तालुक्यातला. समोरच्या तीन शिखरांना त्याने नावं दिली होती: थोरला मामा, मधला मामा, धाकटा मामा. सकाळी बाहेर डोकावून तो मला हवामान सांगायचा. "उस्ताद, धाकट्या मामाने टोपी घातली. दुपारी बर्फ." ते बहुधा खरं ठरायचं.

पहिल्याच आठवड्यात शिपाई राऊत सगळ्यांसमोर म्हणाला, "उस्ताद, डोकं दुखतंय."

माझं डोकं लगेच तापतं. आठातला एक खाली गेला तर सातांत पोस्ट चालत नव्हती. मी ओरडलो, "मग तेल लावायला आईला बोलावू का? हेलिकॉप्टरने आणतो!"

सगळे हसले. खरात म्हणाला, "उस्ताद, येताना लाडू आणायला सांगा."

राऊतही हसला. त्यानंतर कुणाचं काही दुखलं नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सहाच्या रिपोर्टला मी एकेकाला विचारलं. खरात म्हणाला, "ओके, उस्ताद." पाठोपाठ खोकला. बुखारीच्या धुराचा असेल, असं मी धरलं.

नऊ चाळीसला तो बर्फ काढताना खाली बसला. फावडं हातात तसंच होतं. ओठ निळे पडले होते. तोंडाला गुलाबी फेस होता. फुफ्फुसांत पाणी भरलं की असं होतं. त्यावर खरा उपाय एकच, माणसाला लवकरात लवकर खाली नेणं. हे आम्हाला चढण्याआधी शिकवतात.

राऊत त्याच्या शेजारच्या बिछान्यावर झोपायचा. मी त्याला विचारलं, "कधीपासून?"

"तीन दिवस, उस्ताद. आडवा होत नाही. बसूनच असतो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगू नको म्हणाला."

"का?"

राऊत बुटांकडे बघत राहिला.

मी रेडिओवर गेलो. "कॅज्युअल्टी वन. सीरियस. हेलिकॉप्टर चाहिये. ओव्हर."

"वेदर बताओ. ओव्हर."

मी बाहेर पाहिलं. तिन्ही मामा दिसत नव्हते.

"व्हिजिबिलिटी झीरो. ओव्हर."

"हेलिकॉप्टर निगेटिव्ह. नीचे लाओ. मेडिकल पार्टी ऊपर आ रही है. ओव्हर."

दहा पंधराला निघालो. स्ट्रेचरला चौघे, त्यात एक मी. ऑक्सिजनचा एक सिलिंडर. मागे पोस्टवर तिघे. दोर लावलेल्या उतारावर स्ट्रेचर इंच इंच सोडावं लागत होतं. साडेबाराला सिलिंडर संपला. एक दहाला खरात गेला. मेडिकल पार्टी त्यानंतर वीस मिनिटांनी भेटली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. अध्यक्ष एक कर्नल होते. मी जे खरं होतं ते सांगितलं. खरातने मला काहीही कळवलं नव्हतं. रोज ओके रिपोर्ट दिला होता.

कर्नलसाहेबांनी विचारलं, "पोस्ट घेतल्यापासून किती जवानांनी आजारी असल्याचं सांगितलं?"

"पहिल्या आठवड्यानंतर एकानेही नाही, सर."

हे मी छाती काढून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि माझं वाक्य लिहून घेतलं. शिक्षा त्याच वाक्यावर झाली. नायब सुभेदारी गेली.

माझा राग अजून गेलेला नाही. आठ माणसांना 'डन' म्हटलेलं कुठल्याच कागदावर नव्हतं. मेजरसाहेबांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या वाट्याचा दोष मी आजही माझ्या डोक्यावर घेणार नाही. पण माझ्या वाट्याचा दोष मला दिसायला बरीच वर्षं लागली, आणि तो जर्मनीत दिसला.

शिफ्टलायटर झाल्यावरचा पहिला हिवाळा. फ्र्यूशिफ्ट, म्हणजे सकाळची पाळी, सहाला सुरू होते. पाच पन्नासला फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सबीनेचा फोन आला. ती आजारी होती.

"काय झालंय?" मी विचारलं.

"ते तुम्ही विचारायचं नसतं."

मी फोनवर आवाज चढवला. तिने शांतपणे फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बेट्रीब्सराटच्या, म्हणजे कामगार प्रतिनिधींच्या, खोलीत मला बोलावणं आलं. अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. घरी येऊन मी जेवताना तणतणत होतो. इथे कुणालाही उठून आजारी पडता येतं, दहा मिनिटं आधी फोन करतात, अशाने काम होतं का.

बायको भात वाढत होती. ती म्हणाली, "अहो, तिने निदान फोन तरी केला."

खरातची गोष्ट तिला माहीत होती. मी पानावरून उठलो.

तेव्हापासून शिफ्टच्या सुरुवातीला मी प्रत्येकाजवळ जातो. कुणी पाठ दुखते म्हटलं की "सांगितलंस ते बरं झालं" म्हणतो. राग येतोच. तो मागच्या अंगणात जाऊन कचऱ्याच्या कंटेनरवर काढतो. मराठीत ओरडतो, म्हणून अजून तक्रार आलेली नाही. घासाघीस सोडलेली नाही, फक्त दिशा बदलली. साहेब म्हणाले, एकवीसऐवजी अठरांत भागवा, तर मी म्हणतो, लिहून सही करून द्या. अजून कुणी सही केलेली नाही. मुलांनो, सेमिनारमध्ये हे शिकवतात का, मला माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर मी खरातच्या घरी गेलो होतो. वडिलांनी चहा दिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटी काही बोलला का पोरगा?"

मी म्हणालो, "तुमची आठवण काढली, दादा."

ते खोटं होतं. दोराच्या उतारावर त्याने माझी बाही धरली होती. मी कान जवळ नेला. श्वास पुरत नव्हता, म्हणून त्याने दोन वेळा थांबून सांगितलं.

"सॉरी, उस्ताद. आठाचे सात झाले."